शांतता मोहिमांसाठीचं नागरी बळ मोजायचं तरी कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ती आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. करतेय. संघर्ष रोखण्यासाठी आणि शांतता उभारणीसाठी लागणारी नागरी क्षमता हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने देशनिहाय तक्ता केलाय: बाहेर पाठवता येतील असे पोलिस किती, न्यायाधीश आणि सरकारी वकील किती, प्रशिक्षित निरीक्षक किती, वर्षाचा खर्च किती. या तक्त्यावरून क्षमतेचा निर्देशांक काढावा का, आणि भारताला त्यात कुठे बसवावं, असं तिने विचारलंय.

माझ्या मते निर्देशांक काढू नका, निदान इतक्यात तरी. तुमच्या तक्त्यात आहे तो घोषित साठा. मोहीम उभी करणाऱ्याला वेगळीच चिंता असते: अमुक कामासाठी, अमुक ठिकाणी, तिसाव्या दिवशी किती माणसं हजर असतील, आणि वर्षभराने ती परत गेली की त्यांच्या खुर्चीत कोण बसेल? ही दोन उत्तरं साठ्याच्या आकड्यावरून निघत नाहीत. साठा मोठा आणि ही दोन्ही उत्तरं केविलवाणी, असं सर्रास दिसतं.

याचा सगळ्यात चांगला नमुना युरोपियन युनियन, कारण नागरी क्षमता मोजण्याचा इतका पद्धतशीर खटाटोप दुसऱ्या कुणी केलेला नाही. जून २०००मध्ये पोर्तुगालमधल्या फेइरा इथल्या शिखर बैठकीत चार क्षेत्रं ठरली: पोलिस, कायद्याचं राज्य, नागरी प्रशासन आणि नागरी संरक्षण. २००३पर्यंत ५,००० पोलिस, त्यांतले १,००० तीस दिवसांत पोहोचतील असे, हे उद्दिष्ट. २००१मध्ये कायद्याच्या क्षेत्रासाठी २०० तज्ज्ञांचं उद्दिष्ट जोडलं गेलं. नोव्हेंबर २००४मध्ये सदस्य देशांनी दिलेल्या हमीची बेरीज झाली तेव्हा पोलिस ५,७६१, न्यायक्षेत्रातले ६३१, प्रशासक ५६२ आणि नागरी संरक्षणाचे ४,९८८ भरले. जिथे आकड्यातलं उद्दिष्ट होतं तिथे ते पार! आता पुढचं बघा. जून २००७मध्ये अफगाणिस्तानात पोलिस मोहीम सुरू झाली, २००८मध्ये तिचं बळ ४००पर्यंत न्यायचं ठरलं, आणि डिसेंबर २०१६मध्ये ती गुंडाळली तोवर चारशेचा आकडा काही गाठता आला नाही. कागदावर पावणेसहा हजार पोलिस आणि काबूलसाठी चारशे मिळेनात. नाव द्यायला देशाला काही पडत नाही, माणूस द्यायला पडतं.

हे लक्षात आल्यावर युनियनने पद्धत बदलली. डिसेंबर २००४मध्ये मंजूर झालेल्या नव्या आराखड्यात आधी काल्पनिक पण संभाव्य प्रसंग लिहिले गेले, त्या प्रसंगांत काय कामं पडतील ते काढलं, कामांवरून पदं काढली, मग देशांना प्रश्नावली पाठवून फरक शोधला. प्रसंग, काम, पद, माणूस, तूट हा क्रम तुम्हीही जसाच्या तसा उचला. खाली मी त्याच क्रमाने जातो, पण सगळीकडे सारखा रेंगाळणार नाही.

आधी काम ठरवा. नागरी मोहिमा म्हटलं की लोक एकच चित्र डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात निदान चार वेगळी कामं असतात आणि प्रत्येकाची टंचाई वेगळी. युद्धबंदीवर किंवा करारावर देखरेख करायची असेल, तर जास्त माणसं लागतात आणि ती तुलनेने लवकर मिळतात. स्थानिक पोलिसांना किंवा न्यायालयांना सल्ला द्यायचा असेल, तर माणसं कमी पण अनुभवी लागतात, आणि अशी माणसं मायदेशातही कुणाला सोडवत नाहीत. कार्यकारी अधिकार असतील, म्हणजे परदेशी न्यायाधीशांनी स्वतः खटले चालवायचे असतील, तर अडचण आणखी वाढते. कोसोवोतल्या युलेक्स या युरोपियन युनियनच्या कायदा-न्याय मोहिमेला जून २०१८पर्यंत असे अधिकार होते. गुंतागुंतीचा खटला दोन-तीन वर्षं चालतो आणि न्यायाधीश एक वर्षासाठी आलेला असतो. मधेच तो गेला की न्यायपीठ बदलतं, काही वेळा साक्षी पुन्हा नोंदवाव्या लागतात. तिथे 'न्यायाधीश किती' याला अर्थ नाही, 'तीन वर्षं थांबणारे न्यायाधीश किती' हा आकडा हवा. चौथं काम मध्यस्थीचं. त्याला चार-सहा माणसं पुरतात, पण ती बोट दाखवून सांगता येतील अशीच हवी असतात.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधीच मान्य करतो. पोलिसांना नागरी म्हणायचं की नाही, हे संस्थेवर ठरतं. युरोपियन युनियन पोलिसांना नागरी बळात धरते. संयुक्त राष्ट्रं त्यांची गणती सैन्यासोबत गणवेशधारी म्हणून करतात. तुमच्या तक्त्यात दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी असतील, तर तुलना तिथेच फसली. कुठली व्याख्या घेतली ते पहिल्याच पानावर लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

आता कामावरून पदं. इथेच बहुतेक प्रबंध घाई करतात, म्हणून एक हिशेब पूर्ण मांडून दाखवतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या मोहिमेचे नाहीत. पण पद्धत खरी आहे.

समजा युद्धबंदी रेषेवर देखरेख करायची आहे. तीन क्षेत्रीय कार्यालयं, प्रत्येकी रोज चार गस्ती, आठवड्याचे सातही दिवस. एका गस्तीत दोन गाड्या. कारण एक बंद पडली किंवा अडकली तर दुसरीने माणसं बाहेर काढता आली पाहिजेत. त्यात तीन आंतरराष्ट्रीय निरीक्षक आणि एक स्थानिक दुभाषी. म्हणजे रोज बारा गस्ती, छत्तीस निरीक्षक. नवखा माणूस इथे थांबतो आणि 'छत्तीस निरीक्षक लागतील' असं लिहून टाकतो.

माणूस वर्षाचे ३६५ दिवस मिळत नाही. साप्ताहिक सुट्ट्या १०४, रजा ३०, सणवार १०, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून १५ धरले तर उरतात २०६ दिवस. त्यातला साधारण पाचवा हिस्सा अहवाल, बैठका आणि गाव-प्रमुखांच्या भेटींच्या तयारीत जातो. गस्तीसाठी राहिले १६५. छत्तीसला ३६५ने गुणा, १६५ने भागा: ऐंशी. छत्तीस माणसं रोज रस्त्यावर हवी असतील तर ऐंशी पदं लागतात.

नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो. एका खुर्चीला वर्षाचे ८,७६० तास, एक माणूस आठ तासांच्या पाळीने २०६ दिवस म्हणजे १,६४८ तास देतो. एका खुर्चीला सव्वापाच माणसं, दोन खुर्च्यांना अकरा. तीन कार्यालयांचे प्रमुख, उपप्रमुख आणि विश्लेषक मिळून बारा. मुख्यालयात मोहीमप्रमुख, राजकीय आणि कायदा सल्लागार, मानवी हक्क, प्रसिद्धी, कामकाज विभाग वगैरे पंधरा. खरेदी, हिशेब, आस्थापना, संगणक, वाहनं, सुरक्षा, वैद्यकीय असे पस्तीस. एकूण झाले एकशे त्रेपन्न. शेवटचे पस्तीस कुणालाच आवडत नाहीत आणि कपातीच्या वेळी पहिला घाव त्यांच्यावरच पडतो. मग खरेदी अधिकारी नाही म्हणून गाड्यांचे टायर येत नाहीत आणि निरीक्षक कार्यालयात बसून राहतात.

अजून संपलं नाही. बहुतेक माणसं प्रतिनियुक्तीवर एका वर्षासाठी येतात. माणूस गेल्यावर जाहिरात, देशांकडून नावं, मुलाखत, सुरक्षा तपासणी, प्रवास यात दोन महिने पद रिकामं राहतं, असं धरलं तरी बारा महिने भरलेलं आणि दोन महिने रिकामं, म्हणजे चौदातले दोन. साधारण १४ टक्के पदं कायम रिकामी. एकशे त्रेपन्न माणसं प्रत्यक्ष हवी असतील तर सुमारे १७८ पदं मंजूर करून घ्यावी लागतात. तसं केलं नाही तर ऐंशी निरीक्षकांच्या जागी एकोणसत्तर उरतात आणि रोजच्या बारा गस्तींच्या दहा होतात. आपल्याकडे 'मंजूर पदं' आणि 'भरलेली पदं' यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय मोहिमांतही तेच चालतं, फक्त इंग्रजीत.

वाहनांचं गणितही याच पद्धतीने: बारा गस्तींना चोवीस गाड्या, देखभाल-दुरुस्तीत अडकणाऱ्या सहा, इतर कामाला आठ. त्यातल्या चिलखती गाड्या मागणी नोंदवल्यावर महिनोन् महिने येत नाहीत. शिवाय त्या इतक्या जड असतात की साध्या गाडीवर हात बसलेल्या चालकाला घाटात ब्रेक कधी लावायचा हे नव्याने शिकावं लागतं.

पदं निघाली. आता त्यांना माणसं आहेत का, हे रोस्टरवरून, म्हणजे पाठवता येतील अशा तज्ज्ञांच्या यादीवरून, बघायचं. पुन्हा गृहीत आकडे घेऊ. एका देशाच्या रोस्टरवर २०० नावं आहेत. पहिली चाळणी: आत्ता दुसऱ्या मोहिमेवर असलेले तीस वजा. दुसरी: तेच नाव संयुक्त राष्ट्रं, ओएससीई (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) आणि युरोपियन युनियन अशा तिन्ही याद्यांत आहे, म्हणजे तीन संस्था एकाच माणसावर विसंबून आहेत. असे चाळीस वजा. तिसरी: धोक्याच्या प्रदेशात वावरण्याचं प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला किंवा गोपनीयतेची परवानगी यांतलं काहीतरी मुदतबाह्य झालेले चाळीस. हे महिन्या-दोन महिन्यांत दुरुस्त होतात, पण तीस दिवसांच्या हिशेबात धरता येत नाहीत. चौथी: मोहिमेची कामकाजाची भाषा पुरेशी येत नाही असे वीस. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंच लागते तेव्हा ही चाळणी फार बारीक होते. राहिले सत्तर. त्यांना फोन केला की शेवटचा प्रश्न येतो: तुमचं खातं तुम्हाला कार्यमुक्त करतंय का? चारातला एक 'हो' म्हणाला तरी नशीब. २००ची यादी अठरावर आली.

या शेवटच्या चाळणीवर थोडं थांबतो, कारण खरी क्षमता इथेच ठरते. सैनिक घरी असतो तेव्हा तो तयारीत असतो, त्याचं कामच ते. न्यायाधीश, तपास अधिकारी, सीमाशुल्क अधिकारी घरी असतात तेव्हा त्यांच्या टेबलावर फायली असतात. तो गेला तर त्याचं काम कोण करणार, या प्रश्नाला वरिष्ठाकडे उत्तर नसतं. परत आल्यावर बढतीच्या यादीत मागे पडलोय, असंही होतं, आणि ही गोष्ट सहकाऱ्यांना कळली की पुढच्या वेळी कुणी अर्ज करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून एखाद्या देशाची क्षमता तपासताना मी रोस्टरच्या आधी तीन गोष्टी बघेन. कार्यमुक्तीचा निर्णय कोण घेतो? गेलेल्या माणसाचा पगार कुणाच्या खात्यातून जातो, आणि त्याच्या जागी बदली माणूस नेमायला पैसे मिळतात का? परदेशातली सेवा बढतीसाठी धरली जाते, असं लेखी आहे का? जर्मनीने २००२मध्ये बर्लिनमध्ये एक स्वतंत्र केंद्र काढलं. तज्ज्ञ शोधणं, प्रशिक्षण देणं, पाठवणं हे सगळं एका छताखाली आलं. स्वीडनची फोल्के बर्नाडोट अकादमी त्याच वर्षीची. या देशांची कामगिरी बरी असण्यामागे माणसांच्या संख्येपेक्षा या व्यवस्थेचा हात मोठा आहे.

अमेरिकेचा अनुभव याच्या उलट बाजूने शिकवतो. इराकनंतर तिथे नागरी प्रतिसाद दल उभारायचं ठरलं: २५० सक्रिय, २,००० सरकारी खात्यांतले राखीव आणि आणखी २,००० खाजगी क्षेत्रातले व राज्य-स्थानिक प्रशासनातले. तिसऱ्या गटाला पैसाच मिळाला नाही.

वेळेचं काय? तीस दिवसांचं उद्दिष्ट अजून कायम आहे. युनियनच्या २०१८च्या नागरी करारात २०० माणसं तीस दिवसांत पाठवायची तयारी लिहिली होती. मे २०२३च्या नव्या करारातही ती आहे, सोबत महिलांचं प्रमाण किमान ४० टक्के करायचं उद्दिष्टही. पण तीस दिवस कशापासून मोजायचे, हे दरवेळी तपासा. राजकीय निर्णयापासून, कायदेशीर ठरावापासून की आराखडा मंजूर झाल्यापासून? या तीन तारखांत सहज चार महिन्यांचा फरक पडतो.

वेळेबाबत दोन टोकं घ्या. ऑक्टोबर १९९८मध्ये ओएससीईने कोसोवोत २,००० पडताळणी निरीक्षक पाठवायचं ठरवलं. २० मार्च १९९९ला मोहीम माघारी घ्यावी लागली तोपर्यंत दीड हजारही पोहोचले नव्हते. इतक्या मोठ्या नागरी मोहिमेचा त्या संघटनेला अनुभव नव्हता, याद्या नव्हत्या, गाड्या नव्हत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलच्या परिषदेत त्यांनी तज्ज्ञ लवकर मिळवण्याची व्यवस्था मंजूर केली, ती या धड्यातूनच. दुसरं टोक जॉर्जिया. ऑगस्ट २००८मध्ये रशियाशी युद्ध, १५ सप्टेंबरला युरोपियन युनियनचा कायदेशीर निर्णय, आणि १ ऑक्टोबरला दोनशेहून जास्त निःशस्त्र निरीक्षक गस्तीला निघाले होते. हे जमलं कसं? काही देशांनी सुटी माणसं न पाठवता तयार गट त्यांच्याच वाहनांसह पाठवले, राजकीय इच्छा एकमुखी होती, आणि यजमान सरकारला मोहीम हवी होती. तिन्ही गोष्टी एकत्र येणं विरळा. म्हणून जॉर्जियाचा पंधरवडा हा युनियनचा नेहमीचा वेग समजू नका. पुढच्या मोहिमांसाठी गाड्या, संपर्क साधनं, संरक्षक जाकिटं आधीच साठवून ठेवणारं सामाईक कोठार उभं राहिलं. ते नसतं तर प्रत्येक मोहीमप्रमुखाला पहिल्या दिवसापासून निविदा काढत बसावं लागतं.

जॉर्जियाचीच दुसरी बाजू सांगायला हवी. निरीक्षकांना अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया या जॉर्जियातून फुटलेल्या प्रदेशांत आजवर प्रवेश मिळालेला नाही. मोहीम रेषेच्या एकाच बाजूने बघते. माणसं, गाड्या, पैसा सगळं असून अर्धी दृष्टी झाकलेली. त्यावर उपाय म्हणून थेट दूरध्वनी जोडणी आणि २००९पासून घटना-निवारणाच्या बैठका सुरू झाल्या. गुरं रेषेपलीकडे गेली, शेतकरी पकडला गेला, असल्या भानगडी तिथे सोडवल्या जातात. दिसायला किरकोळ, पण अशाच प्रकरणांतून गोळीबार सुरू होतो. तुमच्या मूल्यमापनात 'प्रवेश' आणि 'दोन्ही बाजूंशी चालू संपर्क' हे स्वतंत्र रकाने ठेवा.

इथून आपण संघर्ष रोखण्याच्या कामाकडे येतो, आणि इथे मनुष्यबळाची गणितं फारशी चालत नाहीत. रोखण्याचं काम थोड्या माणसांचं असतं. ओएससीईने (तेव्हा तिचं नाव सीएससीई होतं) १९९२मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी उच्चायुक्ताचं पद निर्माण केलं. पहिले उच्चायुक्त मॅक्स व्हान डर स्टूल यांचं कार्यालय लहानसं होतं, पण बाल्टिक देशांतल्या नागरिकत्व आणि भाषेच्या कायद्यांवर त्यांनी केलेलं शांत, पत्रापत्रीचं काम या क्षेत्रात आजही नावाजलं जातं. याची क्षमता माणसांच्या संख्येत मोजली तर शून्याच्या जवळ येईल. बघायचं ते असं: इशारा मिळाल्यापासून कुणीतरी अधिकाराने त्या राजधानीत पोहोचायला किती दिवस लागतात, त्यासाठी कुणाची संमती लागते, आणि दोन्ही बाजू त्या माणसाचा फोन उचलतात का. संमतीचा मुद्दा हलका समजू नका. १९९२मध्ये कोसोवो, सँजॅक आणि व्हॉयव्होदिना या तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या प्रदेशांत गेलेली तिची दीर्घकालीन मोहीम १९९३मध्ये बेलग्रेडच्या सरकारने मुदतवाढ नाकारल्याने बाहेर पडली. युक्रेनमधली ओएससीईची विशेष निरीक्षण मोहीम २०१४पासून आठ वर्षं होती. मार्च २०२२च्या अखेरीस मुदतवाढीवर एकमत झालं नाही आणि ती संपली. जी संघटना एकमतावर चालते तिची क्षमता तिच्या सगळ्यात नाराज सदस्याच्या होकाराइतकीच असते.

पोहोचल्यावर काय साधलं, हा शेवटचा टप्पा, आणि तो मोजायला सगळ्यात अवघड. मोहिमांचे अहवाल 'इतक्या पोलिसांना प्रशिक्षण दिलं' या वाक्यांनी भरलेले असतात. ते काम झालं, इतकंच त्यातून कळतं. प्रशिक्षित पोलिस सहा महिन्यांनी त्याच ठाण्यात आहे का, तक्रारदार बाई त्या ठाण्यात यायला लागली का, हे विचारावं लागतं. सगळ्यात सोपं मूल्यमापन तिथे होतं जिथे काम मोजण्याजोगं आणि मुदतबंद असतं. इंडोनेशियातलं आचे घ्या. १५ ऑगस्ट २००५ला हेलसिंकीत फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी अहतिसारींच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोरांत करार झाला, आणि १५ सप्टेंबरला युरोपियन युनियन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि पाच आसियान देशांची मोहीम सुरू झाली. बंडखोरांनी ८४० शस्त्रं द्यायची आणि सरकारने ठरलेलं सैन्य आणि पोलिस मागे घ्यायचे, टप्प्याटप्प्याने, समांतर. डिसेंबर २००५पर्यंत हे झालं, डिसेंबर २००६मध्ये मोहीम परतली. शस्त्रं मोजता आली, कापली गेली ती लोकांसमोर. मलेशिया आणि ब्रुनेईच्या निरीक्षकांना तिथली भाषा जवळची होती, हा फायदा रोस्टरच्या कुठल्याच रकान्यात दिसला नसता. पण मूळ अट विसरू नका: दोन्ही बाजूंना करार पाळायचा होता. त्सुनामीने होत्याचं नव्हतं केल्यावर लढत राहण्याची खुमखुमी दोघांतही उरली नव्हती. यशाचं सगळं श्रेय मोहिमेच्या क्षमतेला देऊ नका. अफगाणिस्तानातल्या अपयशाचं सगळं खापरही तिच्याच माथी फोडू नका.

माहिती कुठून काढायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडणार तिथेच आहात. युरोपियन युनियन प्रत्येक मोहिमेसाठी रिकाम्या पदांची जाहीर यादी काढते: पद, संख्या, ठिकाण, प्रतिनियुक्तीनेच भरायचं की करारावरही चालेल, अर्जाची शेवटची तारीख. एका मोहिमेच्या तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवा. जे पद पुन्हा पुन्हा दिसतं आणि प्रत्येक वेळी 'करारावरही चालेल' असं लिहिलेलं असतं, ते देशांना भरता येत नाही असं समजा. २०१८च्या करारात प्रतिनियुक्तीच्या माणसांचं प्रमाण किमान ७० टक्के हवं असं ठरलं होतं. त्यापासून मोहीम किती दूर आहे तेही याच यादीतून उमगतं. तूट मोजायची ही पद्धत कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा भरवशाची, कारण प्रश्नावली भरणाऱ्या मंत्रालयाला आपलं घर नीटनेटकं दाखवायचं असतं. सोबत मोहिमेला मंजुरी देणारे निर्णय वाचा, त्यांत कालावधी आणि रक्कम असते. युरोपियन लेखापरीक्षा न्यायालयाचे अहवालही वाचा. ते रुक्ष असतात, पण खरेदीला किती उशीर झाला ते तिथेच सापडतं.

राहिला भारत. भारताची क्षमता आहे, पण ती एका रोस्टरवर नाही, वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे, म्हणून युरोपीय तक्त्यात तो रकाना रिकामा दिसेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. पोलिसांचं उदाहरण ठळक आहे. २००७मध्ये लायबेरियात केंद्रीय राखीव पोलिस दलाची, सुमारे सव्वाशे महिलांची तुकडी गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ती पहिली संपूर्ण महिला पोलिस तुकडी, आणि एकामागून एक तुकड्या बदलत हे काम २०१६पर्यंत चाललं. नऊ वर्षं अखंड बदली देणं, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली 'वर्षभराने त्यांच्या खुर्चीत कोण' ही अट, ती इथे पूर्ण झाली. कारण तयार दल होतं आणि कार्यमुक्तीचा निर्णय एकाच मंत्रालयाच्या हाती होता. सुट्या अधिकाऱ्यांचं तसं नाही. महाराष्ट्र पोलिसातल्या निरीक्षकाला मोहिमेवर जायचं तर राज्याने त्याला सोडायला हवं, केंद्रीय गृहमंत्रालयातून नाव जायला हवं, आणि मग संयुक्त राष्ट्रांची चाचणी. भाषा आणि गाडी चालवणं या दोन परीक्षांतच बरेच जण गळतात. स्वतः गाडी चालवायची सवय सुटलेला अधिकारी हाताने गिअर बदलायच्या चारचाकी-चालनाच्या जीपवर अडखळतो. निवडणूक व्यवस्थापन आणि १९६४पासून चालू असलेला आयटेक हा विकसनशील देशांतल्या लोकांसाठीचा भारत सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम, हेही धरा. पण ते प्रामुख्याने माणसं भारतात बोलावून शिकवण्याचं काम आहे, तिथे जाऊन राहण्याचं नाही, तेव्हा त्याला वेगळा रकाना.

भारतासाठी मी क्रमवारी न लावता एकच काम निवडेन, समजा पोलिस सल्लागार, आणि अर्जापासून कार्यमुक्तीच्या आदेशापर्यंतचे दिवस दोन-तीन राज्यांत मोजेन. माहिती अधिकारात अर्ज करताना 'किती अधिकारी पाठवले' एवढंच विचारू नका. 'राज्याकडून नाव गेल्याची तारीख, निवडीची तारीख, कार्यमुक्तीची तारीख आणि परत रुजू झाल्याची तारीख' अशा चार तारखा वर्षनिहाय मागा, नावं वगळून. नावं मागितली की वैयक्तिक माहितीच्या सबबीखाली अर्ज नाकारला जाण्याची शक्यता वाढते.